आकडा नेमका कोणाचा खरा?

एकाच रुग्णाच्या रक्ताचा निकाल एका प्रयोगशाळेने ०.०८ टक्के दिला आणि दुसरीने ०.४ टक्के, तर डॉक्टरांनी कोणावर विश्वास ठेवायचा? वर्षभराच्या उपचारांनंतर पहिला आकडा आला तर सारे सुरळीत. दुसरा आला तर रुग्ण गोळ्या नियमित घेतो का, औषध बदलावे का, असे प्रश्न उभे राहतात. ‘सीएमएल’ या रक्ताच्या कर्करोगात हा पेच नित्याचा आहे आणि तो रोगाने नव्हे, मोजमापातील सावळ्या गोंधळाने निर्माण केला आहे.

या रोगाचे मूळ ‘बीसीआर-एबीएल’ या जोडजनुकात. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होते. त्याने बनवलेल्या प्रथिनाला लगाम घालणारी इमॅटिनिबची गोळी २००१ साली आली आणि एकेकाळचा जीवघेणा आजार मधुमेहाप्रमाणे सांभाळता येऊ लागला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस या कंपनीचा या औषधावरील पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे महिन्याला लाखाच्या घरातील मूळ औषधाला स्वस्त देशी पर्याय टिकून राहिला. औषधाची लढाई आपण जिंकली. चाचणीच्या लढाईकडे मात्र कोणी ढुंकून पाहिले नाही.

ही चाचणी रक्तातील साखर मोजण्याइतकी सोपी नाही. त्या जनुकाचा आरएनए मोजायचा, तोही दुसऱ्या एखाद्या सामान्य, म्हणजे नियंत्रक जनुकाच्या तुलनेत. कोणी एबीएल घेतो, कोणी बीसीआर, कोणी गस-बी. यंत्रे वेगळी, रसायने वेगळी. मग आकडे जुळणार कसे? शिवाय आरएनए भलताच नाजूक. जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेले रक्त कुरिअरच्या गोदामात दोन-तीन दिवस उन्हाळ्यात पडून राहिले, तर मोजण्यासारखे फारसे उरतच नाही. आणि निकाल ‘आढळले नाही’ असा छापून येतो! रोग गेला की नमुना खराब झाला, हे कळायला सामान्य जनुकाच्या किती प्रती सापडल्या ते पाहावे लागते. तेवढा एक आकडा अहवालावर छापायला काय हरकत आहे?

उपाय जुनाच आहे. इमॅटिनिबच्या ‘आयरिस’ या गाजलेल्या औषधचाचणीत उपचार सुरू होण्यापूर्वीच्या ३० रुग्णांचे नमुने तीन प्रयोगशाळांत मोजून एक आधाररेषा ठरवली होती. २००५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे तज्ज्ञांनी तिच्यावरूनच आंतरराष्ट्रीय मापपट्टी, अर्थात ‘आयएस’, सुचवली. आधाररेषा म्हणजे १०० टक्के आणि तिच्या हजारपट खालची पातळी म्हणजे ०.१ टक्का. प्रत्येक प्रयोगशाळेने आपला रूपांतर गुणांक काढायचा आणि त्याने आपला आकडा या पट्टीवर आणायचा. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे त्यासाठी प्रमाणित पेशींचा संचही मान्य केला. हा गुणांक एकदा काढून भिंतीवर टांगण्याची गोष्ट नव्हे; यंत्र किंवा रसायन बदलले की तो पुन्हा पडताळावा लागतो. किराणा दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. इथे मात्र सारे प्रयोगशाळेच्या मर्जीवर. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएल’ची मान्यताही ऐच्छिकच.

आता तर काही रुग्णांची गोळी बंद करून पाहता येते. त्यासाठी ०.०१ टक्के किंवा त्याहून खालची पातळी दीर्घकाळ टिकलेली असावी लागते आणि बंद केल्यावर सुरुवातीचे महिने वारंवार तपासणी करावी लागते, कारण निम्म्याच्या आसपास रुग्णांत रोग डोके वर काढतो. मोजमाप बेभरवशाचे असेल तर हा निव्वळ जुगार ठरेल. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयात गाठतो, हे लक्षात घेतले तर पुढची किती वर्षे या आकड्यावर अवलंबून आहेत ते कळते.

राज्याच्या आरोग्य खात्याला दोन गोष्टी लगेच करता येतील. ‘आयएस’ आकडा आणि नियंत्रक जनुकाच्या प्रती नमूद नसलेला अहवाल सरकारी रुग्णालयांत आणि योजनांत ग्राह्य धरू नये. आणि क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत बसवलेल्या ‘सीबीनॅट’ यंत्रांवर या चाचणीची कार्ट्रिज चालते. ती महाग आहे, काही दुर्मीळ प्रकार तिला सापडत नाहीत, पण तिच्यामुळे नमुना शंभर मैल पाठवण्याची गरज उरणार नाही. सरकारने घाऊक खरेदी करून दर खाली आणावेत.

तोवर रुग्णांनी शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि अहवाल ‘आयएस’ पट्टीवर मिळणार का, हे रक्त देण्याआधीच विचारावे.