मास्तर सरकारचा, बोजा आमच्या सातबाऱ्यावर



जिल्हा मेळाव्यात कापसाच्या भावावर बोलणारे पुष्कळ असतील. विजेवर आणि पीकविम्यावर बोलणारेही असतील. या पानावर वेगळा विषय मांडायचा आहे. दिसायला तो वेगळा आहे, पण हिशेब तोच आणि लुटीची रीतही तीच. शिक्षक व्हायला निघालेल्या आपल्या पोरापोरींना सरकार जी शिष्यवृत्ती देते म्हणते, तिचा हा विषय.

खताच्या सबसिडीचा हिशेब आपला कार्यकर्ता झोपेतसुद्धा सांगेल. पैसा जातो कारखान्याला, नाव लागते शेतकऱ्याचे. २०१८ पासून दुकानात अंगठा आपला घेतात, तरी रक्कम जाते कंपनीच्याच खात्यात. वर शहरातला पांढरपेशा विचारतो, या शेतकऱ्यांवर सरकारने उधळायचे तरी किती? डी.एड., बी.एड.च्या शिष्यवृत्तीची गत हीच आहे. तिचा मोठा भाग म्हणजे फीची भरपाई. ती कधी थेट कॉलेजच्या खात्यात पडते, कधी पोराच्या खात्यात येते आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या काउंटरवर जाते. पोरगे 'लाभार्थी', आणि लाभ संस्थाचालकाचा. हा पैसा कुठकुठे मुरतो हे सरकारलाही ठाऊक होते. म्हणून तर २०१६ मध्ये शिष्यवृत्ती वाटपाच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले.

मग पोराच्या हातात काय उरते? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये निर्वाह भत्त्याचे नवे दर ठरवले. अभ्यासक्रमाचा गट आणि वसतिगृह पाहून वर्षाला अडीच हजारांपासून साडेतेरा हजारांपर्यंत. बारा महिन्यांनी भागा. सगळ्यात वरच्या गटाला महिना सव्वाअकराशे रुपये, सगळ्यात खालच्याला दोनशे आठ. हा भत्ता कुणाचा काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. उलट ज्या घरात जमिनीचा तुकडाही नाही त्या घरच्या मुलीने दोनशे आठ रुपयांत महिना कसा काढायचा, ते मंत्रालयाने एकदा काढून दाखवावे. बाकीच्यांची तऱ्हा आणखी न्यारी. २०१६ मध्ये पंजाबराव देशमुखांच्या नावाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आली. ज्या माणसाने विदर्भात कुणब्याच्या पोरांसाठी वसतिगृह काढले त्याचे नाव दिले, आणि खाली दाखला मागितला अल्पभूधारकाचा. म्हणजे पाच एकरांची फूटपट्टी. कॅनॉलखालचे पाच एकर आणि आपल्या माळावरचे पाच एकर या फूटपट्टीला सारखेच. सहा एकर बरड जमिनीचा मालक तिच्या लेखी बडा शेतकरी!

आता घरचा हिशेब करू. शहरात खोली, मेस, गाडीभाडे, पुस्तके, टाचणवह्या, तक्ते करायचे कागद. काटकसरीने महिन्याला पाच हजार धरा. ज्याला कमी लागतात त्याने कमी धरावेत. दोन वर्षांचे झाले एक लाख वीस हजार, फी वेगळी. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये. म्हणजे पंधरा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल आला तर जवळपास चार एकरांची अख्खी पऱ्हाटी, बियाणे, फवारणी, वेचणी काहीच वजा न करता. ज्वारीच्या ३,६९९ रुपये भावाने साडेबत्तीस क्विंटल ज्वारी. तीही केंद्र उघडले, माल घेतला आणि चुकारा वेळेवर आला तर. व्यापाऱ्याच्या भावाने किती होते ते ज्याने त्याने आपल्या पावतीवरून काढावे.

आणि हे सगळे करून तो शिक्षक व्हायचा कुणाचा? तुमच्या घरचा नव्हे. सरकारी शाळेचा, सरकारच्या कायद्याने चालणाऱ्या शाळेचा. माणूस सरकारला पाहिजे आणि त्याला घडवायचा खर्च बापाच्या सातबाऱ्यावर, हा कुठला न्याय?

पोलीस शिपायाचे पाहा. आधी भरती, मग प्रशिक्षण. परेड करायला लागल्या दिवसापासून पगार सुरू. डॉक्टरकी शिकणारा पोरगा शेवटच्या वर्षी इस्पितळात राबतो, त्याला विद्यावेतन मिळते. कमी पडले की तो संपावर जातो, आणि सरकार चर्चेला बसते. बी.एड.चा छात्राध्यापक २०१५ पासून दोन वर्षे शिकतो, त्यातले वीस आठवडे शाळेत जाऊन शिकवतो. जिथे मास्तर कमी तिथे तोच मास्तर. त्याच्या वाट्याला मुख्याध्यापकाच्या सहीचे एक प्रमाणपत्र. बिनपगारी राबवून घेण्याला आपल्याकडे वेठ म्हणतात. इथे तर वेठ करणाराच फी भरतो.

पैसा नाही हे उत्तर कुणी देऊ नये. २०२४ च्या निवडणुकीआधी याच सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी पासला महिना सहा हजार, पदवीधराला दहा हजार, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. कचेरीत बसून फायली कुठे ठेवतात ते शिकायला पैसे आहेत, चौथीच्या पोराला भागाकार कसा शिकवावा ते शिकायला नाहीत. २०२३ ची गंमत याहून मोठी. शाळांत जागा रिकाम्या पडल्या म्हणून जुलै महिन्यात निघालेल्या आदेशाने निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर परत बोलावले. त्यांना पेन्शन आहेच. त्याच वर्षापासून नव्या प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन होते सोळा हजार. पेन्शनवाल्याला वीस आणि पहिली कमाई घरी आणणाऱ्या पोराला सोळा! तेही कोर्टाने कान उपटल्यावर. २००० साली ही शिक्षण सेवक योजना आली तेव्हा तीन वर्षे महिना तीन हजारांवर राबवत. २०१२ मध्ये सहा हजार केले आणि पुढची अकरा वर्षे त्याला हात लावला नाही.

पूर्वी असे नव्हते, हे आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. मुंबई इलाख्यात फायनल पास झालेल्या पोराला स्कूल बोर्ड आधी शाळेवर घेई आणि मग ट्रेनिंगला पाठवी. इकडे वऱ्हाडात नॉर्मल स्कूल होते, तिथे शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळे. 'नॉर्मल पास' मास्तर म्हटले की गाव उठून उभे राही. तो ज्वारीची भाकर खाऊन शिकला, पण त्यासाठी बापाने बैल विकले नाहीत. हे इंग्रजाच्या राज्यातले सांगतो आहे. भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्याला खेड्यातल्या शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, ते रयतेच्या पोराला मास्तर होता यावे म्हणूनच. स्वराज्यात १९६६ मध्ये कोठारी आयोगाने अहवाल दिला. शिक्षक प्रशिक्षणात फी नसावी आणि विद्यावेतनाची सढळ सोय असावी, असे त्यात लिहिले. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले. अहवाल कपाटात गेला आणि पुढे अध्यापक विद्यालयांचे परवाने वाटले गेले. तालुक्यातालुक्यात पाट्या लागल्या. कुणाच्या, ते तुम्ही जाणता.

पुढचे आपल्या डोळ्यांदेखत झाले. बारावी झाली की डी.एड. कर, हा घरोघरचा मंत्र झाला. मुलगी शिकेल, गावाजवळ नोकरी लागेल, म्हणून माय-बापांनी शेत गहाण टाकले. २०११ च्या ऑक्टोबरात शाळांची पटपडताळणी झाली, पटावरची पोरे प्रत्यक्षात नाहीत असे दिसले, आणि २०१२ मध्ये भरती बंद झाली. खोटे पट दाखवले संस्थांनी, शिक्षा झाली आपल्या पोरांना. २०१३ पासून टीईटी आली. तिच्यावर २०१७ मध्ये आणखी एक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. दुसऱ्यांदा ती चाचणी व्हायला २०२३ उजाडले. पोरगी बाविसाव्या वर्षी पात्र झाली आणि तिची पोरे शाळेत जाऊ लागली तरी पोर्टल उघडते-मिटते आहे. मधल्या काळात डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच पोलिसांनी धरले. टीईटीत पैसे देऊन पास झालेले साडेसात हजारांवर निघाले. खाजगी संस्थेत चिकटायला काय मोजावे लागते ते आकडे मी छापत नाही, तुमच्यापैकी काहींनी मोजले आहेत. ज्या धंद्यात शिरायलाच पैसे लागतात तिथे पुढच्या प्रत्येक दारावर पैसे मागणारा बसतोच.

मेळाव्यात दोन शंका येणार. त्यांचे उत्तर आधीच दिलेले बरे.

पहिली शंका आपल्याच माणसांची. आपण सूट-सबसिडी मागत नाही, घामाचे दाम मागतो, मग हे विद्यावेतन म्हणजे भीकच नव्हे का? नव्हे. भीक ती, जी काम न घेता देतात आणि देताना फोटो काढतात. ज्याला सरकार आपल्या कामासाठी तयार करते आणि तयार करताना त्याच्याकडून कामही घेते, त्याला दिलेले ते दाम. शिपायाचा प्रशिक्षणातला पगार कुणी भीक म्हणत नाही.

दुसरी शंका जास्त खरी आहे. आधीच डी.एड., बी.एड. झालेली पोरे घराघरात बसली आहेत, आणखी घडवायला पैसे कशाला? भावांनो, ती का बसली, याचेच उत्तर या विद्यावेतनात आहे. दोन वर्षांचा खर्च बाप करतो, तोवर सरकारला मोजणी करायचे कारणच नसते. शंभर जागांसाठी हजार पोरे शिकली तरी तिजोरीतून जाते काय? उलट कॉलेजवाला खूष, आणि हजारांतले शंभर निवडायला मिळतात म्हणून सरकारही खूष. नऊशेंचा तोटा आपल्या खात्यावर. त्या प्रत्येक पोराला दर महिन्याला सहा हजार द्यायचे म्हटले की बघा, वित्त खाते स्वतः येऊन विचारील, इतके कशाला? किती लागणार ते आधी सांगा. एकाधिकार खरेदीतला ग्रेडरसुद्धा पैसे द्यायची वेळ आली की बोंड न् बोंड निरखून पाही.

आणि मोजणी अवघड मुळीच नाही. गुरुजी कधी निवृत्त होणार ती तारीख नोकरीच्या पहिल्या दिवशीच सेवापुस्तकात लिहिलेली असते. जिल्ह्यात तीन वर्षांनी किती जागा रिकाम्या होणार, हे जिल्हा परिषदेचा कारकून दुपारच्या चहाआधी सांगू शकतो. तेवढीच पोरे आधी निवडा. आजवर पात्र होऊन बसलेल्यांना पहिला हक्क द्या, त्यांच्या जागा भरा, आणि मग उरलेल्या जागांसाठी नवी निवड करा. निवडलेल्यांना सरकारी विद्यालयात शिकवा, फी घेऊ नका, विद्यावेतन द्या, आणि पास झाला की नेमणुकीचा कागद हातात ठेवा. बदल्यात तो पोरगा आपल्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात पाच वर्षे शिकवील. दंड भरून सुटायची पळवाट मात्र ठेवू नका. डॉक्टरांच्या बंधपत्रात ती ठेवली होती आणि पैसेवाल्यांची पोरे दहा लाख भरून मोकळी झाली.

गावचाच मास्तर कशाला, असे कुणी विचारील. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात याचे उत्तर आहे. तिजोरीत पैसा रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, ही त्यांची तक्रार. आणि मास्तर हवा तो शेतकरी-कारागिरांतला, वेळ पडली तर नांगराची मूठ धरणारा, गोरगरिबांत मिसळणारा, अशी मागणी. शहरातून मोटारसायकलीने अप-डाऊन करणाऱ्या माणसाला दिवाळीनंतर वर्ग अर्धा का होतो ते कळत नाही. तो हजेरीवर लाल रेघ मारतो. वेचणीला गेलेली पोर संध्याकाळी कुठे सापडेल आणि ऊसतोडीला गेलेल्या टोळीतले लेकरू कोणत्या महिन्यात परत येते, हे ज्याच्या घरात पऱ्हाटी आहे त्यालाच ठाऊक असते. दुसऱ्या जिल्ह्यातून पोर्टलने टाकलेला मास्तर पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीचा अर्ज लिहू लागतो. त्याचाही दोष नाही, त्याचीही माय म्हातारी आहे.

दिल्लीने हे मान्य केले नाही असेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या बी.एड.साठी मोठ्या संख्येने गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या देऊ असे लिहिले आहे. ग्रामीण भागासाठी खास शिष्यवृत्ती, आणि शिकून झाल्यावर आपल्याच भागात नोकरीला प्राधान्य. त्याच धोरणात २०३० पर्यंत ही चार वर्षांची पदवीच शिक्षकाची किमान पात्रता करायची आहे. म्हणजे प्राथमिक शिक्षकाला आज बारावीनंतर दोन वर्षे लागतात तिथे चार लागणार, आणि आपले पंधरा क्विंटल तीस होणार. वर्षे वाढवण्याचे कलम धावत येते. शिष्यवृत्तीचे कलम ज्याच्या घरी पोचले असेल त्याने मेळाव्यात हात वर करावा, मी त्याला व्यासपीठावर बसवतो.

ठरावाचा मसुदा असा राहील. निवड आधी, प्रशिक्षण नंतर. प्रशिक्षणात फी नाही. विद्यावेतन २०२४ च्या सरकारच्याच दराने, बारावीवाल्याला सहा हजार, पदवीधराला दहा हजार, त्याखाली एक रुपया नाही, आणि ते दर महिन्याला, वर्ष संपल्यावर नव्हे. फीची भरपाई म्हणून खाजगी कॉलेजांना किती रक्कम गेली त्याचा जिल्हावार हिशेब छापून द्या. अल्पभूधारकाची मोजपट्टी कोरडवाहूसाठी वेगळी करा.

नुसत्या टाळ्यांनी ठराव पास करून घरी जायचे नाही. प्रत्येक गावाने येताना एक कागद आणावा. गावात डी.एड., बी.एड. झालेले किती, कोणत्या साली झाले, फी किती भरली, शिष्यवृत्ती किती आणि कधी मिळाली, त्यासाठी काय विकले किंवा गहाण टाकले, आणि आज ते काय करतात. मागच्या बाजूला गावच्या शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती. मुलींची नावे सासरी गेल्या म्हणून गाळू नयेत. लिहिणे जमले नाही तर तोंडी सांगितले तरी चालेल, पण साल आणि रक्कम बरोबर पाहिजे. कागद नोंदणीच्या टेबलावर द्यावेत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.