अपुऱ्या मात्रेची किंमत

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले आणि हे औषध सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. पेनिसिलीन जीवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाही. भिंत खचून तो मरतो, एवढेच आजवर शिकविले गेले. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, त्याच कुळातील अँपिसिलीनचा घाव भिंतीवर बसला तरी ई. कोलाय जीवाणूत डीएनए-दुरुस्तीची आपत्कालीन यंत्रणा जागी होते. मात्रा अपुरी असल्यास जीवाणू जगतो आणि ही घाईची दुरुस्ती चुका करते. एखाद्या चुकीतूनच औषधाला न जुमानणारा वंश निपजतो.

पिंपरीहून फारशा दूर नसलेल्या विश्रांतवाडीत चिठ्ठीवाचून दोन-चार सुट्या कॅप्सूल मागणारा मजूर बेफिकीर नसतो. डॉक्टरांची फी आणि बुडणारी मजुरी त्याला परवडत नाही. मात्र त्याने वाचविलेल्या रुपयांची किंमत उद्या शेजारची बाळंतीण मोजू शकते. बाजाराच्या हिशेबात हा खर्च कोठेच दिसत नाही. कायद्याने चिठ्ठी सक्तीची आहेच. ती देणारा मोफत दवाखाना वस्तीजवळ, कामावरून सुटण्याच्या वेळी उघडा ठेवणे, हे महापालिकेचे कर्तव्य होय.