मुहर्रकचा हंगाम आणि आपली मैदाने

आपल्या समाजाच्या एका मंडळाच्या वार्षिक सभेत हिशेब वाचून झाल्यावर एक तरुण उभा राहिला. मुलांच्या खेळासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूस काढावी, अशी सूचना त्याने भीतभीतच मांडली. त्यावर उत्तर मिळाले की, खेळावयास पैसे कशाला लागतात, चेंडू असला म्हणजे झाले. सभा हसली. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. पुढे मलिद्याच्या खर्चाचा विषय निघाला आणि तो तरुण खाली बसला.

घरी परतताना मात्र आम्हांस बहारीनमधील एका संघाची आठवण होत राहिली. बहारीनचे नाव ऐकताच काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण त्या बेटाशी आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. तेथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि रुपया हेच तेथे १९६५ पर्यंत चलन होते. मनामा शहरात बगदादकडून आलेल्या यहुदी कुटुंबांची लहानशी वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टिकून आहे. १९४७ च्या डिसेंबरात तेथील सिनेगॉगची नासधूस झाली, बरीच कुटुंबे निघून गेली, तरी काही घरे राहिलीच.

मनामाच्या शेजारच्या बेटावर मुहर्रक हे जुने शहर आहे. पाणबुड्यांचे आणि मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे हे गाव एकेकाळी बहारीनची राजधानी होते. १९२८ साली तेथे मुहर्रक क्लब स्थापन झाला. काळ कसा होता पाहा. थोड्याच वर्षांत जपानच्या कृत्रिम मोत्यांनी आणि जगातील मंदीने तो धंदा बसविला, आणि तेल सापडावयास १९३२ साल उजाडावे लागले. गावची मिळकत बुडत असताना गावाने आपला क्लब बुडू दिला नाही, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही विजयचषकापेक्षा मोठी वाटते.

त्यांचा संस्मरणीय हंगाम २००८ चा. परंतु तो समजण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. २००६ साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकाच्या अंतिम फेरीत मुहर्रकची गाठ जॉर्डनच्या अल्-फैसली संघाशी पडली. पहिला सामना त्यांनी तीन-शून्य असा गमावला. असे झाल्यावर बहुतेक संघ परतीचा सामना केवळ उपचार म्हणून खेळतात. मुहर्रकने तो चार-दोन असा जिंकला, आणि दोन्ही सामने मिळून एका गोलाने चषक हुकला. एका गोलाने हरण्यासारखे दुःख नाही. तीन-शून्य विसरता येते, पाच-चार विसरता येत नाही.

दोन वर्षांनी सलमान शरीदा यांच्या मार्गदर्शनाखाली हाच क्लब पुन्हा अंतिम फेरीत आला. आता समोर लेबनॉनचा सफा संघ होता. पहिला सामना मुहर्रकने पाच-एक जिंकला. चार गोलांची आघाडी घेऊन बैरूतला गेल्यावर सावधपणे खेळून परत यावे, असे कोणीही म्हटले असते. तेथेही त्यांनी पाच-चार असा विजय मिळविला. दोन सामन्यांत दहा गोल! बहारीनच्या एखाद्या क्लबाने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी बहारीनने वॉशिंग्टन येथे आपल्या राजदूतपदी हुदा नूनू या यहुदी बाईंची नेमणूक केली. दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या पंचांगात ते साल लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या कोकणी कानांना गोड लागेल. याच स्पर्धेत गोव्याचा डेम्पो संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला होता, आणि त्यास ज्या सफाने अडविले त्याच सफाचा मुहर्रकने पराभव केला. पुढे २०२१ साली कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला उझबेकिस्तानच्या नसाफ संघाने सहा-शून्य हरविले, तेव्हा त्या नसाफला अंतिम सामन्यात तीन-शून्य असे हरविणारा संघही मुहर्रकच.

कोणी म्हणेल की मुहर्रकला राजघराण्याचा आश्रय आहे, आणि २००८ च्या त्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणारा रिको हा तर ब्राझीलचा. दोन्ही खरे आहे. त्यास निव्वळ हौशी संघ म्हणणेही आता बरोबर होणार नाही. पण ब्राझीलचा खेळाडू ज्या क्लबात येतो तो क्लब आधी असावा लागतो. ऐंशी वर्षे कोणीतरी वर्गणी गोळा केली, कोणीतरी मैदान झाडले, आणि पराभवानंतरही दुसऱ्या दिवशी दार उघडले, तेव्हा २००८ उजाडले.

आपल्याकडे काय आहे? १९६४ साली आशियाई चषकाची स्पर्धा इस्रायलमध्येच झाली. इस्रायल पहिला आला आणि भारत दुसरा. आपसातील सामना इस्रायलने दोन-शून्य जिंकला. तेव्हा येथे नव्याने आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी टाळी कोणासाठी वाजवावी, हा प्रश्न सोपा नव्हता. त्याच उन्हाळ्यात आपल्या यहुदीपणावर शंका घेणाऱ्यांविरुद्ध आपली माणसे यरुशलेमात ठाण मांडून बसली होती, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपला समान हक्क मान्य केला. १९७४ साली इस्रायलला आशियाई फुटबॉल महासंघातून बाहेर काढण्यात आले. म्हणून मुहर्रक ज्या चषकासाठी झगडला त्याच्या जवळपासही येथील कोणता संघ फिरकू शकला नाही. ते आपल्या हातात नव्हते.

पण क्रिकेट आपल्या हातात होते. १९६८ मध्ये इस्रायल क्रिकेट संघटना उभी राहिली, आणि पुढे या देशात तो खेळ जगविण्यात आपल्या लोकांचा वाटा फार मोठा आहे. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद येथे कामावरून दमून आलेल्या माणसांनी पॅड बांधले. त्यांचे कोणते हंगाम संस्मरणीय होते, कोणी कोणाचा बळी घेतला, कोणत्या सामन्यानंतर सर्वांनी एकत्र बसून मटणाचा रस्सा खाल्ला, हे आज किती घरांत लिहून ठेवलेले आहे? आमच्या माहितीतील एका क्लबाची गुणपत्रके बिस्किटांच्या डब्यात होती. घर बदलताना डबा गेला, पत्रकेही गेली. ज्यांच्या घरातून ती गेली त्यांस आम्ही बोल लावीत नाही. ती मागावयास कोणी गेलेच नव्हते.

म्हणून त्या तरुणाच्या सूचनेवर आम्ही हसलो, हे आता आम्हांस खटकते. तो चेंडूसाठी पैसे मागत नव्हता. मैदानाचे भाडे, मुलांना नेण्या-आणण्याची सोय, पंचांचे मानधन, आणि निकाल लिहून ठेवण्यासाठी एक वही, एवढेच त्यास हवे होते. सोहळ्यांस आम्ही विरोध करीत नाही. मेंदीच्या रात्री गाणे झालेच पाहिजे. परंतु एका मेंदीच्या मंडपाच्या खर्चात मुलांचा अर्धा हंगाम निघतो, हा हिशेब कोणी तरी सभेत मांडावयास हवा होता. पुढच्या सभेत तो विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर यावा, आणि या वेळी हिशेब वाचून झाल्यावर नव्हे, वाचण्यापूर्वी यावा, अशी आमची मंडळास विनंती आहे. ज्यांच्याजवळ जुनी गुणपत्रके, छायाचित्रे वा संघाच्या टोप्या असतील त्यांनी त्या फेकून देण्यापूर्वी आमच्याकडे पाठवाव्यात. टपालखर्च आम्ही देऊ.