खोट्या माशाचा रंग

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी, दाभोळ खाडीकाठी गेले, तेव्हा वहिनीने पहिल्याच दिवशी गाऱ्हाणं मांडलं. "आपा, घरातली नेलपॉलिश सगळी संपली. मी लग्नकार्याशिवाय हात लावत नाही. ती सगळी तुमच्या भाच्याच्या माशांनी लावली!"

भाचा बारा वर्षांचा. गरवायचं वेड त्याला आजोबांकडून आलंय. आमचे अब्बा जहाजावरून सुट्टीत आले की तंगूस, गरी, शिशाचा तुकडा आणि मूठभर कोळंबी घेऊन खडकावर जाऊन बसायचे. आता पोरांच्या हातात रॉड आणि रील असते आणि कोळंबीच्या जागी लूर, म्हणजे प्लास्टिकचा किंवा लाकडाचा खोटा मासा. एकेक लूर तीन-चारशे रुपयांचा. कांदळवनाच्या मुळात अडकला की गेला. दर रंगाचा वेगळा विकत घेणं कुणाला परवडणार? म्हणून हा खरचटलेले जुने लूर घेऊन घरीच रंगवतो.

मला आधी हसू आलं. माशाला काय कळतो रंग? पण वाचत गेले तसं कळलं की हा वाद शंभर वर्षांचा जुना आहे. मासे रंगांधळे असतात, असं कार्ल फॉन हेस नावाचे मोठे नेत्रतज्ज्ञ ठामपणे म्हणत. त्यांना तरुण कार्ल फॉन फ्रिश यांनी आव्हान दिलं. त्यांनी छोट्या माशांना ठरावीक रंगाजवळ खाणं द्यायची सवय लावली. मग तो रंग करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटांमध्ये ठेवून पाहिला. मासे बरोबर रंगाकडेच गेले. याच फ्रिश यांना पुढे मधमाश्यांच्या नाचावरच्या कामासाठी 1973 साली नोबेल मिळालं.

पण मासा पाण्यात पाहतो आणि आपण दुकानात पाहतो, सगळी गंमत इथेच आहे. पाणी आधी तांबडा उजेड पिऊन टाकतं. स्वच्छ समुद्रात काही मीटर खाली गेलं की लालभडक लूर काळपट दिसतो. मग नारिंगी जातो, मग पिवळा. निळा सगळ्यात खोलवर टिकतो. खाडीत मात्र गणित उलटं. पावसाळ्यानंतर पाण्यात गाळ असतो, त्यात निळाच लवकर हरवतो आणि पिवळसर हिरवा बऱ्यापैकी उठून दिसतो. पोपटी-पिवळे चमकदार लूर गढूळ पाण्यासाठी घेतात ते म्हणूनच. त्या चमकदार रंगांत आणखी एक करामत असते. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा उजेड शोषून तो आपल्या रंगात परत फेकतात, त्यामुळे अंधुक उजेडातही झळकतात. आणि संध्याकाळी? तेव्हा मासा खालून वर पाहतो, आकाश उजळ असतं, म्हणून गडद लूरची सावली सर्वांत ठळक. रात्री काळा लूर का वापरतात, हे कोडं मला इथे सुटलं.

घरगुती रंगकामाचा इतिहासही मोठा आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला या मासेमाराने 1936 मध्ये बुचाच्या लाकडातून चांभारी सुरीने लूर कोरला. त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर लेप दिला. त्यातून पुढे जगभर पोचलेली कंपनी उभी राहिली. मग आमच्या नेलपॉलिशला का हसायचं?

भाच्याची रीत मी दोन दुपारी बसून पाहिली. पहिली गोष्ट, गऱ्या काढून डबीत ठेवायच्या. घरात लहान मुलं आहेत. मग बारीक पॉलिश पेपरने घासायचं आणि पांढरा हात द्यायचा, नाहीतर वरचा रंग मळकट दिसतो. पोट फिकं, पाठ गडद. खाडीतली बोय अशीच तर असते. खवल्यांसाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लूरवर ताणून बांधायचा आणि स्पंजने रंग टिपायचा. जाळी काढली की खवले! शेवटी पारदर्शक पॉलिश. थर जाड झाला तर लूरचं वजन बदलतं आणि तो कुशीवर पडतो, म्हणून आधी बादलीत पोहवून बघायचं. हे सगळं कडक लूरसाठी. रबरासारख्या मऊ लूरवर नेलपॉलिश टिकत नाही, चिकट होऊन बसते.

अब्बांचं मत विचारलं तर म्हणाले, "निम्मे रंग मासा पकडायला, निम्मे गिऱ्हाईक पकडायला." भरतीची वेळ, लूरची खोली आणि तो ओढायची चाल, हे आधी, रंग नंतर. मला त्यांचंच पटतं.

तिसऱ्या दिवशी भाच्याने नवा लूर आणून दाखवला. "फुफी, हिरवी पाठ कशी झालीय?" पाठ मरून होती. त्याची बहीण खो-खो हसायला लागली. बाटल्यांवरची लेबलं निघालेली, चूक झाली असेल, असं म्हणून मी सोडून देणार होते. अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातून मूठभर मिरच्या आणल्या, हिरव्या आणि पिकलेल्या, आणि म्हणाले, "बेटा, यातल्या लाल वेगळ्या कर." त्याने एकेक उजेडात धरून, वेळ घेऊन निवडल्या. दोन चुकल्या.

मला माझाच वर्ग आठवला. सात-आठ वर्षांपूर्वी एका मुलाने झाडाची पानं तपकिरी रंगवली होती आणि मी त्याला सगळ्यांसमोर "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हटलं होतं. बीएडच्या मानसशास्त्रात रंगांधळेपणा मी परीक्षेपुरता शिकले होते. तो मुलगा समोर असताना आठवला नाही.

लाल-हिरव्यातला हा गोंधळ बहुतेक वेळा जन्मजात असतो, आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतो. नजर कमजोर नसते, बुद्धी तर नाहीच. मूल फिक्या-गडदवरून, चमकीवरून काम भागवतं, म्हणून घरात वर्षानुवर्षं कळत नाही. औषधाने तो जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं पुस्तक असतं. पाच मिनिटांत समजतं.

अब्बा का हसले नाहीत, ते त्यांनी रात्री सांगितलं. पोराला त्यांच्यासारखं जहाजावर जायचंय, तेही ऑफिसर होऊन. रात्री समोरचं जहाज कोणत्या बाजूने येतंय हे दिव्यांवरून ओळखतात: डाव्या कुशीला लाल, उजवीला हिरवा. डेकवरच्या ऑफिसरला रंगांची तपासणी पास व्हावीच लागते. "अठराव्या वर्षी, फी भरून झाल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं," ते म्हणाले. पण त्याला कोण सांगणार, यावर दोघंही गप्प बसलो. भाऊ म्हणाला, आधी तपासणी होऊ दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या भरतीला तो मरून पाठीचाच लूर घेऊन गेला. अंधार पडता पडता एक तांबोशी लागली, हातभरही नाही. त्या उजेडात मरून पाठ माशाला काळीच दिसली असणार, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "मग फुफी, माशाला आणि मला सारखंच दिसतं का?"

"डॉक्टरांना विचारू या," मी म्हटलं. सोमवारी चिपळूणला जायचं ठरलंय.