हेअर ट्रान्सप्लांट हप्त्यावर, पण काहिलीत भाजलेला हात तसाच!

कोल्हापूर : लग्नसराई जवळ आली की मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. 'एका दिवसात दाट केस', 'पोटाची चरबी गायब', 'सुलभ हप्त्यांची सोय'. शेती करणाऱ्या पोरांची लग्नं आधीच जमेनात, त्यात कपाळ मागं सरकायला लागलं की पोरगं आणि घरचे दोघंही काळजीत पडतात. मग ऊसबिलाच्या भरवशावर हप्ते ठरतात. केस रोवून घेणं यात चूक काहीच नाही. पण हे पार्लरमधलं काम नव्हे, ही शस्त्रक्रिया आहे, हे जाहिरातीत कुठंच सांगितलं जात नाही.

धोका नेमका कुठं?

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये डोक्याच्या कातडीत भूल देणारी इंजेक्शनं देतात आणि काम तासन् तास चालतं. औषधाचं प्रमाण जास्त झालं किंवा ॲलर्जी आली तर श्वास, रक्तदाब, हृदय सगळंच काही मिनिटांत बिघडू शकतं. अशा वेळी ऑक्सिजन, औषधं आणि ती वापरता येणारा डॉक्टर जागेवरच लागतो.

मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. एकाच वेळी नऊ हजारांहून जास्त केस रोवल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. मे 2022 मध्ये बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर 21 वर्षांची कन्नड मालिका अभिनेत्री दगावली. दोघंही चालत दवाखान्यात गेले होते.

सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसतं कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून कुणी ही शस्त्रक्रिया सुरू करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तंत्रज्ञ मदतीला चालतो, पण जबाबदारी प्रशिक्षित डॉक्टरचीच.

पैसे भरण्याआधी विचारा

1. शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार? प्लास्टिक सर्जनकडं एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असते, त्वचारोगतज्ज्ञाकडं एमडी किंवा डीएनबी. 'कॉस्मेटॉलॉजी'चा चार दिवसांचा कोर्स म्हणजे सर्जन नव्हे.
2. डॉक्टरचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.
3. मध्येच तब्येत बिघडली तर काय सोय आहे? जवळचा आयसीयू कुठला?
4. संमतीपत्र मराठीत आहे का? वाचल्याशिवाय सही करू नका. बिल मागूनच घ्या.

उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर सरळ घरी या. केस थांबू शकतात. बोगस डॉक्टरचा संशय आला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार करा.

खरी गरज ज्यांना आहे ते कुठायत?

प्लास्टिक सर्जरी म्हणजे फक्त श्रीमंतांची हौस, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. नावातलं 'प्लास्टिक' हे ग्रीक शब्दावरून आलंय, अर्थ 'घडवणं'. 1794 साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडची बातमी छापून आली होती. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या एका बैल हाकणाऱ्या मराठी माणसाला विटा पाडणाऱ्या समाजातल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं होतं. ती वाचून युरोपातले डॉक्टर ही पद्धत शिकले. म्हणजे ही विद्या आपल्याच मातीत मोडलेल्या माणसाला उभं करायला वापरली गेली.

आज गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस अंगावर सांडतो, कडबाकुट्टीत बोटं जातात. जखम भरते, पण कातडी आखडून बोटं तळव्याला चिकटतात. मग त्या माणसाला खुरपं धरता येत नाही आणि रोजगार बुडतो. 'नशीब म्हणायचं' म्हणून घरचे गप्प बसतात. खरं तर आखडलेली कातडी सोडवून तिथं नवी बसवता येते.

भाजल्यावरच्या आणि अशा अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन सीपीआर किंवा योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. दुभंगलेल्या ओठाचं बाळ असेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवा.

आणि बोट तुटलंच तर? ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फात ठेवा आणि लगेच निघा. बोट थेट बर्फात टाकू नका.

केसांच्या जाहिराती मोबाईलवर आपोआप येतात, या योजनेची माहिती येत नाही. म्हणून गावात कुणाचा हात, मान किंवा चेहरा भाजून आखडला असेल, तर ही बातमी त्या घरापर्यंत पोचवा.