लक्षाच्या बाजारात काटा कोणाचा?

उसाच्या वजनात काटा मारला जातो, ही सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. तरीही तेथे काटा निदान डोळ्यांसमोर असतो आणि उचित व लाभकारी दर हंगामापूर्वी जाहीर होतो. आज या जिल्ह्यांतून आणखी एक माल नित्य बाहेर जात आहे. तो म्हणजे माणसांचे लक्ष. त्याचा काटा मात्र सर्वस्वी खरेदीदाराच्या हाती आहे.

फेसबुक, इन्स्टाग्राम वा यूट्यूब पाहणाऱ्यास सहसा दाम मोजावे लागत नाहीत. त्याचे वय, गाव व आवड यांचा अंदाज बांधून त्याच्या नजरेचे क्षण जाहिरातदारांना लिलावाने विकले जातात. पहिल्या दोहोंची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ चे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते. त्यातील सुमारे ९८ टक्के जाहिरातींचे. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडात दर वापरकर्त्यामागे सुमारे ६८ डॉलर मिळाले, आशिया-प्रशांत विभागात अवघे साडेपाच. आपल्याकडे दर कमी. म्हणून सारी भिस्त संख्येवर. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी येताच जुलैत रील्स आणि सप्टेंबरात शॉर्ट्स अवतरले, ते याच कारणाने.

खरेदीदारांत चढाओढ लागली की उत्पादकाला भाव मिळावा, हा सामान्य नियम. येथे तो अर्धाच लागू पडतो. यूट्यूब दीर्घ चित्रफितींवरील जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्यास देते. सातारा जिल्ह्यातील ‘गावाकडच्या गोष्टी’सारखी मालिका अशाच मंचावर लोकप्रिय झाली. इन्स्टाग्रामच्या रीलकर्त्यास असा सरसकट वाटा नाही. त्याने स्वतःच दुकानदार गाठावा. शिवाय कोणाची चित्रफीत किती जणांपुढे मांडायची, हे कंपनीची गणिती प्रणाली ठरवते. ती तपासणारा त्रयस्थ कोणी नाही.

याची झळ निर्मात्यांपुरती नाही. कराडचा वा मिरजेचा सराफ जाहिरातीवर खर्चीत असलेल्या रकमेतून पूर्वी तालुक्याच्या बातमीदाराचे मानधन निघे. आता त्यातील वाढता भाग जिल्ह्याबाहेर जातो. हे वृत्तपत्रांचे रडगाणे समजू नये; पंचायत समितीच्या कारभारावर नजर कोण ठेवणार, हा नागरिकांचा प्रश्न आहे.

बंदी हा त्यावर उपाय नव्हे. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने सांगलीच्या हळदपेठेतील वजनमाप, अडत व लिलाव नियमांखाली आणले. पेठ बंद केली नाही. तोच न्याय येथे लावावा. कंपन्यांनी जिल्हावार जाहिरात-उत्पन्न प्रसिद्ध करावे, वाट्याचे नियम पूर्वसूचनेशिवाय बदलू नयेत आणि हिशेबाची स्वतंत्र तपासणी व्हावी. सहकाराच्या मुलखाने एवढी मागणी तरी संघटितपणे करावयास हवी.