शेवटच्या दमाच्या आधी

‘पर्यटक नसतात त्या दिवशी सिलिंडर, सूट, होडी सगळं पडून असतं. त्याच सिलिंडरवर खडपात उतरून शेवंड काढली, कालवं काढली, तर काय बिघडलं?’ गेले काही महिने हा प्रश्न किनाऱ्यावरच्या पत्रांतून वारंवार येतो आहे. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले आहेत आणि पाण्याखाली सराईत आहेत. आम्ही उत्तर टाळत होतो, कारण ‘करू नका’ एवढं म्हणून भागणार नव्हतं. का करू नका, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी आपल्यापासून फार लांबच्या दोन थंड समुद्रांकडे जावं लागेल. एक दक्षिण कोरियाच्या जेजू बेटाभोवतीचा, दुसरा अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्याचा. दोन्हीकडे माणसं पोटासाठी बुडी मारतात आणि दोन्हीकडे जी जिन्नस काढतात त्यात सी अर्चिन असतो.

हा काटेरी गोळा आपल्या खडपांतही असतो. पायाखाली आला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, त्यापलीकडे आपल्याकडे त्याची कोणी दखल घेत नाही. तिकडे मात्र तो सुरीने फोडतात. आतलं पाणी सांडलं की कवचाला आतून चिकटलेल्या पाच नारिंगी-पिवळ्या पट्ट्या दिसतात. बघणाऱ्याला आपली गाबोळीच वाटेल. खरं तर ती अंडी नसून प्रजननग्रंथी असते, नराच्या पोटातही ती असते आणि तीही खातात. जपानी लोक तिला ‘उनी’ म्हणतात आणि तिच्यासाठी वाटेल तो भाव मोजतात. जेजूच्या बायका एकेक गोळा फोडून चमच्याने त्या पट्ट्या अख्ख्या काढतात. दोन-चार तास पाण्यात काढले की तितकाच वेळ काठावर हे खरवडत बसायचं.

या बायकांना ‘हेन्यो’ म्हणतात, म्हणजे समुद्राच्या बाया. सिलिंडर नाही, नळी नाही. १० मीटर, म्हणजे साडेपाच वाव खोल जायचं, मिनिटभर किंवा थोडा जास्त दम धरायचा, अबलोन (खडकाला घट्ट चिकटणारं मोठं शिंपलं), शंख, अर्चिन, शेवाळ काढायचं आणि वर यायचं. वर आल्यावर कोंडलेला श्वास सुटताना जी शीळ वाजते तिला त्यांच्या भाषेत ‘सुंबिसोरी’ म्हणतात. पाण्यावर ‘तेवाक’ नावाचा तरंगता गोळा असतो, त्याला जाळीची पिशवी बांधलेली. पूर्वी काठावर दगडी आडोसा करून विस्तव पेटवलेला असे. तिथे कपडे बदलत, शेकत आणि कोणत्या दिवशी कुठे उतरायचं ते ठरवत. उथळ पाण्याचा काही भाग म्हाताऱ्या बायांसाठी राखून ठेवतात, तिथे धडधाकट बाईने जायचं नाही. ऑनप्योंग गावात तर समुद्राचा एक तुकडा शाळेसाठी राखला होता, तिथलं उत्पन्न शाळेला. आपल्या रापणीत दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, मग तो ऐंशी वर्षांचा म्हातारा का असेना. त्याच जातीची ही रीत. २०१६ साली युनेस्कोने जेजूच्या हेन्योंच्या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

पण आम्हाला सांगायचं आहे ते वारशाबद्दल नाही. १९७० च्या दशकापर्यंत या बायका सुती कपड्यांत उतरत. कोरियाच्या मुख्य भूमीवर बुसानजवळही अशा बाया बुडी मारत, तिथे हिवाळ्यात पाणी १० अंशांवर येई. शरीरक्रियाशास्त्रज्ञ सुक-की हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तिथल्या बायांवर मोजमापं घेतली. अंगाचं तापमान ३५ अंशांपर्यंत उतरलं की त्या बाहेर येत. भर हिवाळ्यात एका खेपेला तास भरायच्या आधीच शेकोटीकडे धावावं लागे. त्यांची शरीरं थंडीला इतकी सरावली होती की हिवाळ्यात विश्रांतीच्या वेळीही ती सामान्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त उष्णता तयार करत. मग रबरी सूट आले. कामाचे तास दुप्पट-तिप्पट झाले आणि पाच-सहा वर्षांत शरीराची ती कमावलेली सवयही गेली. हेही त्याच संशोधकांनी मोजून दाखवलं.

थंडी ही त्या समुद्राची राखणदार होती. बाईचे ओठ निळे पडले की त्या दिवसापुरता अबलोन वाचत होता. सूट आला आणि ती राखण उठली. मग जेजूच्या गावांनी काय केलं? सूट घेतले, पण सिलिंडर घेतला नाही. वेळ वाढला, तरी दमाची मर्यादा हातची सोडली नाही. शंखाला किमान ७ सेंटिमीटरची अट घातली, जून ते ऑगस्ट तो काढणं बंद ठेवलं. एक राखणदार गेला तर त्याच्या जागी दुसरा बसवला.

मेनमध्ये नेमकं उलटं झालं. तिथल्या मच्छीमारांच्या लेखी अर्चिन म्हणजे शेवंडीच्या पिंजऱ्यात घुसणारी पीडा, तो चिरडून टाकायचा. १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानी खरेदीदार आले आणि त्याच पिडेला भाव आला. गाबोळी हिवाळ्यात भरते, म्हणून हंगाम हिवाळ्याचा. ३-४ अंशांच्या पाण्यात ड्रायसूट घालून, पाठीवर सिलिंडर घेऊन पोरं उतरू लागली. वर होडीत एक जोडीदार पिशव्या ओढायला. धक्क्यावर खरेदीदार मूठभर अर्चिन फोडून गाबोळीचा रंग आणि भरणा बघणार आणि रोख पैसे हातावर ठेवणार. १९९३ च्या सुमारास वर्षाची काढणी ४ कोटी पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ हजार टनांच्या घरात गेली. परवाने अडीच हजारांवर गेले. नवे परवाने रोखणं, हंगामाचे दिवस कमी करणं, लहान अर्चिन सोडून देणं असे सगळे नियम आले, पण ते येईतोवर निम्मा समुद्र खरवडून झाला होता. आज तिथली काढणी हजार टनांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली आहे.

या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने यातला पुढचा भाग नीट वाचावा. ‘थोडी वर्षं बंद ठेवू, माल परत येईल’ असं आपण नेहमी म्हणतो. मेनमध्ये तो आला नाही. अर्चिन समुद्रतळावरचं शेवाळ चरतो. अर्चिन संपले तसं शेवाळ दाट वाढलं. दाट शेवाळात खेकड्यांना आसरा मिळाला आणि खेकडे उरलेसुरले, नवे रुजणारे अर्चिन खाऊ लागले. मेन विद्यापीठाचे रॉबर्ट स्टेनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० आणि २००१ साली हजारो मोठे अर्चिन दुसरीकडून आणून जुन्या जागी सोडले. खेकड्यांनी ते जवळपास सगळे फस्त केले. माणसांनी काढणं थांबवलं तरी तळ पूर्वीसारखा झाला नाही, कारण दरम्यान तिथलं घर दुसऱ्याचं झालं होतं.

जेजूचं चित्र सगळं उजळ आहे असं आम्ही म्हणणार नाही. १९६५ च्या सुमारास २३ हजार हेन्यो होत्या, आज काम करणाऱ्या ३ हजारांच्याही खाली आहेत आणि बहुतेक साठीपुढच्या. कित्येकींचे कान गेलेत. डोकं ठणकतं म्हणून आधीच गोळी किंवा पूड घेऊन उतरणाऱ्या पुष्कळ आहेत. पाणी तापतंय, खडकांवरचं शेवाळ जाऊन ते पांढरे पडताहेत. गावाच्या नियमाने समुद्राचं तापमान उतरत नाही. तरीही, इतक्या वर्षांनंतर तिथे काढण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे आणि ते शिल्लक आहे कारण गावाने हाव कुठे थांबवायची ते ठरवलं.

हेन्योंचा एक शब्द आहे, ‘मुलसुम’, पाण्यातला श्वास. दम संपत आलेला असतो, वर निघायचं असतं आणि कपारीत मोठा अबलोन दिसतो. तो काढायला गेलेल्या बाईच्या तोंडात शेवटी पाणी जातं. म्हणून थोरल्या बाया नव्या पोरींना पहिल्या दिवसापासून बजावतात की दिसलेला अबलोन सोडून वर ये, तो उद्याही तिथेच असेल.

हे वाचताना आत्या आठवली. उधाणाच्या सुकतीला ती आम्हा पोरांना कालवं काढायला खडपावर न्यायची. हातातल्या लोखंडी टोकाने कालवाचं वरचं झाकण उचकटून आतला मगज डब्यात टाकायची. तिचा हात इतका चालायचा की आमचं एक होईपर्यंत तिची पाच व्हायची. पण पाण्याने घोट्याला पहिला स्पर्श केला की ती हातातलं अर्धं उचकटलेलं कालव तसंच ठेवून उभी राहायची. ‘पाणी फिरला, उठ आता.’ समोर भरलेला दगड दिसत असायचा. मी एकदा बसून राहिलो तर तिने डबाच काढून घेतला. सुकती किती वेळ राहणार हे समुद्र ठरवायचा आणि आत्या त्याच्याशी वाद घालत नसे.

सिलिंडर लावला की सुकतीचं घड्याळ बंद पडतं, हेच त्या पत्रांचं उत्तर आहे. कपारीतली शेवंड आजवर वाचली ती कोणाच्या दयेने वाचली नाही. तिथवर माणसाचा दम पोचत नव्हता आणि पावसाळ्यात कोणी उतरू धजत नव्हतं, म्हणून वाचली. ती आडवी भिंत आपण स्वतः पाडायची, तर तिच्या जागी काय उभं करणार ते आधी सांगता आलं पाहिजे. आपल्याच किनाऱ्यावर हे झालेलं आहे. मुंबईच्या पाण्यात ट्रॉलरच्या जाळ्यांत सापडणारी चपटी शेवंड १९९४ पर्यंत जवळपास दिसेनाशी झाली. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. दोन्ही वेळा साधन आधी आलं, खूप माल निघून गेला आणि नियम मागून धावत आला. २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, हे चांगलंच झालं. पण पाण्याखाली कपारीपुढे असलेल्या माणसाच्या हाताला थांबवायला तिथे कोणी अधिकारी नसतो.

आणि एक गोष्ट पोरांच्या जिवाची. पर्यटकाला घेऊन उतरता तेव्हा खोली ठरलेली असते, वेळ ठरलेला असतो, लक्ष माणसावर असतं. माल काढायला उतरलात की लक्ष पुढच्या दगडावर जातं, खेपा वाढतात, पिशवी भरली की घाईने वर यावं लागतं. होंडुरास आणि निकाराग्वाच्या मिस्किटो किनाऱ्यावर शेवंडीसाठी असेच सिलिंडरवर उतरणारे शेकडो पाणबुडे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन कायमचे पांगळे झाले. ते पोहण्यात तुमच्यापेक्षा कमी नव्हते.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. सिलिंडर पर्यटकांसाठी ठेवा, पाण्याखालची जाळी कापून काढायला, अडकलेला नांगर सोडवायला, बुडालेलं काही शोधायला वापरा. माल काढायला वापरू नका. कालवं, शिनाणे, शेवंड काढायची ती हाताने, दमावर, सुकतीवर. पोटाला अंडी लागलेली शेवंड दिसली तर ती जिथल्या तिथे सोडा. खडपाचा एखादा भाग गावातल्या म्हाताऱ्या बायकांसाठी राखता आला तर राखा. त्या अजूनही डबा घेऊन जातात.

नारळी पौर्णिमेला गाव एकत्र येतो, तेव्हा हा विषय काढा. ज्या वाडीत असा नियम आधीच आहे, मग तो लिहिलेला असो वा नुसता पाळला जाणारा, तिने तो आम्हाला कळवावा. पुढच्या अंकापासून गावाच्या नावासह छापू.